भरमूची पाठ

अडतीस सालच्या आषाढात बेळगावच्या कॅम्पातल्या मैदानावर मी रग्बी खेळलो, असं मी सांगतो तेव्हा घरात कुणी ते खरं मानत नाही. सून पदर तोंडाला लावते. नातू माझ्या दंडांकडे बघतो. त्यांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही. त्या दिवसाचा विचार मनात आला की मी स्वतःच अजून हबकतो, आणि असं खरंच झालं होतं का, अशी शंका येते. तरी जमेल तसं लिहितो.

मी निपाणीचा, जैन घरातला. वडील आण्णासाहेब तंबाखूचे व्यापारी. कॉलेजसाठी मी अनगोळला तारामती आत्याकडे राहत होतो. चष्म्याशिवाय मला चार हातांपलीकडचं दिसत नसे आणि चार माणसांत तोंड उघडत नसे. आमचे प्रिन्सिपॉल हॅरिसन साहेब. छावणीतल्या गोऱ्या पलटणीशी आपल्या पोरांनी रग्बीचा सामना खेळावा, असं त्यांच्या मनात आलं. खेळ कुणालाच ठाऊक नव्हता. साहेबांनी एक लहानसं नियमांचं पुस्तक आणलं आणि ते मराठीत समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात टाकलं, कारण पुस्तक वाचणं एवढंच मला येत होतं.

कॉलेजच्या मागच्या पडवीत मी पुस्तक धरून उभा राहायचो आणि समोर पोरं पाय पसरून बसायची. पुढची जागा कंग्राळीच्या भरमूची. शेतकऱ्याचा मुलगा, इंटरला दुसऱ्यांदा बसलेला, पण छाती दाराएवढी. त्याचे वडील मारुतीराव गावच्या तालमीचे वस्ताद.

"स्क्रम म्हंजे काय रं, नेमू?" तो विचारायचा.

"दोन्हीकडची माणसं खांद्याला खांदा लावून, डोकी खाली घालून एकमेकांना ढकलतात."

"पावसात मेंढरं डोस्की घालत्यात तसं! लिव्हणाऱ्यानं मेंढरं राखली असणार."

सगळे हसायचे. मग मी चित्र दाखवायचो. पळणाऱ्याला कसं धरावं त्याचं ते चित्र होतं. आपला खांदा त्याच्या मांडीला, डोकं त्याच्या मागच्या बाजूला, दोन्ही हात गुडघ्यांभोवती आवळून. ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की झोपेतही म्हटलं असतं. पडवीबाहेर ते कधी उपयोगाला येईल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

एकदा मी भरमूला विचारलं, "तुला लागेल, पडशील. भीती नाही वाटत?"

"पडायचं कशाला? आजपतोर ह्या पाठीला माती लागलेली न्हाय."

"आणि लागली तर?"

तो हसायचा थांबला. "तर ज्यानं पाडलं त्याच्यासंगं परत कुस्ती धरल्याबिगर तालमीच्या हौद्यात पाय ठेवायचा न्हाय. आप्पांचा नेम हाय. आमच्या तालमीत भावकू म्हणून एक लई चांगला गडी हुता. त्येला पाडणारा पैलवान म्हैन्याभरात पटकीनं मेला. कुणासंगं धरणार? भावकू आता गाडी हाकतोय. तालमीवरनं जाताना बैलांस्नी बी पळवतोय."

दिवाळीनंतर उचगावच्या मैदानात भरमूची कुस्ती ठरली होती. कंग्राळीत दुसरा विषय नव्हता.

सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या पंधरा गड्यांतला एक जण तापानं पडला. हॅरिसन साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. नियम तुझ्याइतके कुणाला माहीत आहेत, म्हणाले. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. ते माझ्याकडून झालं नाही.

पाऊस आठवडाभर थांबलेला नव्हता. आंबोलीकडून येणारा वारा तो आडवा मारत होता, थंडीनं दातांवर दात आपटत होते. मैदान कुठं आहे हेच मला आधी कळलं नाही. समोर तांबड्या पाण्याचं तळं होतं आणि त्यात गोलाचे खांब उभे होते, त्यातला एक कलंडलेला. चुन्याच्या रेघा वाहून गेल्या होत्या. त्यांच्या जागी कुणीतरी भाताचा पेंढा टाकला होता, तोही तरंगत होता. शेजारच्या भातखाचराचा बांध फुटून पाणी सरळ मैदानात येत होतं, आणि पाण्याबरोबर खेकडे. पायाखाली काहीतरी वळवळलं. बघितलं तर गांडुळं, मुठीमुठीनं. माझ्या घरी पावसाळ्यात अंगणात उतरतानाही पाय बघून टाकतात. मी एक पाय उचलून तसाच उभा राहिलो. मग दुसरा कुठं ठेवायचा ते सुचेना.

"बगळा!" भरमू ओरडला. "नेमू, पाय खाली ठेव, न्हायतर मासं पळून जातील!"

साहेबांनी माझा चष्मा काढून आपल्या खिशात घातला, आणि जग विरघळलं.

पुढचं मी काय सांगू? शिट्टी वाजली आणि कुणीतरी मला आडवं केलं. का, ते मला कळलं नाही. चेंडू माझ्याकडे नव्हता. मी उठलो, पुन्हा कुणीतरी आडवं केलं. नाकातोंडात चिखल गेला. ही माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती, मुंडकी धरून पाण्यात दाबत होती, आणि मग हात देऊन उठवत होती, "सॉरी" म्हणत होती. मला जास्त धक्का त्या "सॉरी"चा बसत होता. ज्या गोऱ्या सोल्जरांना बघून आम्ही बाजारात रस्ता बदलायचो, त्यांतला एक माझ्या पोटावर बसला होता आणि माझी विचारपूस करत होता. स्क्रममध्ये माझ्या एका बाजूला कंग्राळीचा मष्णू, दुसऱ्या बाजूला एका वकिलाचा मुलगा, समोर गोरी डोकी. सगळ्यांचा श्वास एकमेकांच्या तोंडावर. मध्येच एक गोरा किंचाळला आणि स्क्रम मोडला. त्याच्या बोटाला खेकडा लोंबत होता.

आमच्या जर्स्या पांढऱ्या, त्यांच्या हिरव्या. थोड्याच वेळात सगळ्या तांबड्या झाल्या. माणसंही तांबडी. गोरा कोण, काळा कोण, डोळे सोडून काही ओळखू येईना, आणि मला तर डोळेही दिसत नव्हते.

कडेला कंग्राळीची माणसं घोंगड्यांच्या खोळी घेऊन उभी होती. त्यांच्यात वस्ताद मारुतीराव. अचानक तिकडून मोठा गलका उठला. पावसात शब्द कळेनात. माझ्या उजवीकडून पाणी उडवत एक प्रचंड तांबडा गडी पळत येत होता, काखेत चेंडू. मला वाटलं, गोराच. एवढा मोठा गडी दुसरा कोण असणार? आणि मग, कसं ते मला आजही सांगता येत नाही, मी डोळे मिटले आणि पुस्तकातलं वाक्य आठवलं. खांदा मांडीला. डोकं मागं. हात गुडघ्यांभोवती.

एखादं मोठं झाड पडल्यासारखा आवाज झाला. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. मी हात सोडले आणि डोळ्यांतला चिखल पुसला. तो गडी आकाशाकडे तोंड करून उताणा पडला होता. पाऊस त्याच्या तोंडावर पडत होता आणि तेवढाच चेहरा धुतला जात होता. आधी कपाळ दिसलं, मग नाक, मग मिशी.

भरमू.

तो हलत नव्हता. मेला, असं मला वाटलं. मग त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. लहान मुलाला कुणी विनाकारण मारलं तर ते बघतं, तसा तो बघत होता.

"भरमू, उठ! चेंडू! नियमाप्रमाणे पडलं तरी काही नसतं! पुन्हा उठायचं असतं!" मी जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोललो असेन.

तो उठला. वाकून चिमूटभर चिखल घेतला, कपाळाला लावला. चेंडू नीट दोन्ही हातांनी रेफरीच्या हातात दिला आणि मैदानाबाहेर चालू लागला. हॅरिसन साहेब ओरडत होते, हा कुठं निघाला? सोल्जर थांबून बघत होते. आमच्या संघातल्या कंग्राळीच्या दोघातिघांनी खेळ सोडला आणि तेही त्याच्या मागून गेले. मीही गेलो. सामन्याचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

वस्ताद खोळीतून बाहेर आले. पागोट्यावरून पाणी गळत होतं.

"कुणी पाडलं?"

सगळे गोऱ्यांकडे बघू लागले. भरमूनं माझ्याकडे बोट केलं.

"ह्या काडीनं?" कुणीतरी हसलं. वस्तादांनी तिकडे नुसतं बघितलं, हसू थांबलं.

"आपल्याच गड्यानं? का रं पोरा?"

मी म्हणालो, "मला दिसलं नाही, काका. तो घसरला असेल. पाणी फार होतं. माझ्यात कुठं एवढी ताकद..."

हे मी त्याला वाचवायला म्हणालो नाही. मला खरंच तसं वाटत होतं.

वस्तादांचा चेहरा सैल झाला. ते मुलाकडे वळले. "घसरलास न्हवं? घसरलास तर इषय संपला. चिखल काय कुणाचा वैरी न्हाय."

सगळा गाव त्याच्या तोंडाकडे बघत होता. एक 'व्हय' पुरला असता. उचगावचं मैदान, तालीम, सगळं त्या एका शब्दावर होतं.

"न्हाय, आप्पा," भरमू म्हणाला. "चांगलं आवळून धरलंतं त्यानं. मी पडलो न्हाय, मला पाडलंय."

वस्तादांनी खोळ पुन्हा डोक्यावर घेतली आणि ते चालू लागले.

त्यानंतर मला ताप भरला. उतरला तरी मी कॉलेजला जायचं टाळलं. मष्णू येऊन सांगून गेला की भरमू तालमीच्या दारापर्यंत येतो, बाहेरच्या दगडावर बसतो आणि आतले शड्डू ऐकून परत जातो. "तू आलास तर हुईल," तो म्हणाला. "पर त्यानं सांगिटलंय, नेमूला कुणी बोलवायचं न्हाय. त्यो लाजतोय, म्हंतोय."

मी तालमीत? लंगोट लावून, सगळ्या गावासमोर? नुसत्या कल्पनेनं माझे कान गरम झाले. रात्री जेवताना मी आत्याला विचारलं. ती चातुर्मासाचे नेम कडक पाळणारी; नको म्हणेल आणि मी सुटेन, असं मनात होतं.

आत्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "किडामुंगी तुडवत त्या चिखलात नाचायला गेलास, तवा मला इचारलंस न्हाईस. आता एका पोराचं भलं करायला जायाचं, तर इचारतोस व्हय?"

तिच्याकडून हे येईल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कंग्राळीला गेलो. तालमीच्या दारात इतकी माणसं होती की आत अंधार झाला होता. कुणीतरी मला लंगोट दिला, कुणीतरी तो बांधून दिला. माझ्या बरगड्या बघून कुणी हसलं नाही; हसले असते तर बरं झालं असतं. हौद्यातली माती तांबडी, चाळलेली, मऊ होती. तेल, ताक आणि हळदीचा वास येत होता. ही आणि मैदानावरची ती एकाच मुलखातली माती, असं वाटेना.

भरमू समोर आला. दाढी वाढलेली. "कशाला आलास रं?" हळूच म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"धरा," वस्ताद म्हणाले.

मी तसाच उभा. हात कुठं लावायचा तेच कळेना. भरमू पुटपुटला, "त्या दिशी धरलंतंस तसंच धर. उगं पडू नगंस, न्हायतर आप्पा मोजायचं न्हाईत. डोळं मीट पायजे तर."

माझा चष्मा काढलेलाच होता. मी डोळे मिटले आणि वाकलो. खांदा मांडीला. डोकं मागं. हात गुडघ्यांभोवती. आणि आवळलं.

भरमूचा एक पाय मातीतून सुटला.

दारातल्या माणसांनी एकदम श्वास घेतला, तो मला अजून ऐकू येतो. माझ्या खांद्यावर त्याचं सगळं वजन कललं होतं. खोटं नव्हतं ते. त्याची बोटं माझ्या पाठीत रुतली होती, तो खरंच सावरायला बघत होता. म्हणजे तो घसरला नव्हता. मीच पाडलं होतं. या हातांनी.

त्या धक्क्यानं मी हात सैल सोडले की त्यानं सोडवले, ठाऊक नाही. पुढच्या क्षणी छप्पर फिरलं आणि माझी पाठ मातीवर टेकली. आपटली नाही, टेकली. झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं तशी त्यानं ती ठेवली.

कुणी ओरडलं, कुणी हलगी मारली. भावकू गाडीवान दारात उभा राहून मोठ्यानं रडत होता. भरमूनं दोन्ही मुठींत माती घेतली, स्वतःच्या छातीला चोळली, मग माझ्या. मला उठवून बसवलं.

वस्ताद माझ्यासमोर उकिडवे बसले. माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले. शाईचा डाग होता तो अंगठ्यानं पुसला.

"ह्यो कुस्तीतला पटाचा डाव काढलास तू, पोरा. चांगला पट. कुणाच्या तालमीत शिकलास?"

"पुस्तकात, काका," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भरमूकडे.

"पुस्तकात?"

"आन् वाचताना आवाज बी फुटत न्हवता त्येचा," भरमू म्हणाला, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा पोट धरून हसला.