उस्तादांचं कपलिंग

शिकाऊपण संपलं की आमच्या कुमासी शहरात पोराच्या डोक्यावर पांढरी पावडर ओततात, सगळे नाचतात. माझ्या नवऱ्याच्या, ओफोरीच्या, त्या दिवशी त्याच्या उस्तादांनी, आग्या अंपोन्सांनी, आपली स्वतःची हवेची गन त्याला दिली. ट्रकच्या चाकांचे नट खोलायची. तिच्या मुठीला हवेचा पाइप जोडायचं, त्यांनी बसवलेलं पितळी कपलिंग होतं.

आमच्या टायरच्या दुकानातल्या कंप्रेसरच्या पाइपाचं कपलिंग दुसऱ्या जातीचं. एकात दुसरं अर्धवटच शिरायचं, खटका काही बसायचा नाही. ओफोरीने वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि तार पिळली. आमच्या गल्लीत ट्यूबच्या पट्टीने सगळंच बांधतात.

मी पॉलिटेक्निकला शिकलेली. आमच्या तान्ह्या पोकुआला पाठीला बांधून रोज दुपारी डबा घेऊन जायची, आणि नजर त्या तारेवरच अडकायची. गनवर कोरलं होतं, जास्तीत जास्त दाब नव्वद पौंड. टाकीचा काटा दीडशेवर, कारण ट्रकचे टायर त्याशिवाय फुगत नाहीत. मध्ये दाब कमी करायला रेग्युलेटरसुद्धा नाही. तार सुटली तर पाइपाचं टोक थेट त्याच्या तोंडावर येणार, एवढंच मला दिसायचं.

"अरे, ते काप आणि पाइपाच्या जातीचं बसव. रेग्युलेटर मी आणते."

"उस्तादांनी हाताने बसवलेलं कापू? ते जिवंत असताना?"

"मग निदान चष्मा तरी घाल."

"मॅडमनी पास केलं तरच आम्ही नट खोलायचा वाटतं!" तो हसला. शेजारचा वेल्डरही हसला. मी डबा उघडला.

शुक्रवारी टोमॅटोचा ट्रक आला. ड्रायव्हर घाई करत होता. ओफोरी चाकापाशी वाकला, त्याने गनचा घोडा दाबला आणि तार सुटून पट्ट्या फाटल्या. पाइप सापासारखा उसळला. मी धावत जाऊन टाकीचा कॉक बंद केला, तेव्हा पाइप जमिनीवर पडला. ओफोरी उजव्या डोळ्यावर हात दाबून बसला होता. बोटांमधून रक्त येत होतं.

डोळा गेला.

तिसऱ्या दिवशी आग्या हॉस्पिटलमध्ये आले. स्टूल ओढून बसले.

"ट्यूब गुंडाळली होतीस?"

"तुमचं कपलिंग कसं कापणार, उस्ताद?"

"माझं?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "वेड्या, मी ते तीनदा बदललंय! जसा पाइप, तसं कपलिंग. आधी कॉक बंद, मग पाइपातली हवा सोडायची, मग हात लावायचा. हे शिकवलं नव्हतं मी?"

"शिकवलं होतं."

"मग?"

आग्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "सेरवा, तू तर शिकलेली. तुला दिसत होतं ना, बाई? मला सांगायला यायचंस."

त्यांचं घर दुकानापासून तीन गल्ल्यांवर. त्यांच्या बायकोकडून मी दर आठवड्याला पामतेल घेते. दारात उभी राहून, पोरीला थोपटत, गप्पाही मारते. पण नवऱ्याची चहाडी त्याच्या उस्तादांकडे करायची म्हणजे चार लोकांत त्याची मान खाली. ती मान जपत राहिले.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

पोकुआ माझ्या कडेवरून, ओफोरीच्या उजव्या बाजूने, त्याच्याकडे झेपावत होती. त्याला कळलंच नाही. मी खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले.