आबांची पाठदुखी

डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्यांचं कार्ड पुढे केलं, तेव्हाच मला कळलं की आजचीही फेरी वाया जाणार.

त्या कार्डावर सहा गोल चेहरे काढलेले असतात. पहिला हसरा, शेवटचा रडका, मधले चार हळूहळू बिघडत गेलेले. आपलं दुखणं ज्या चेहऱ्याएवढं, त्यावर बोट ठेवायचं. माझ्या आबांनी, म्हणजे बखीत लबीब यांनी, मिन्या शहराजवळच्या पांढऱ्या चुनखडीच्या खाणीत अठ्ठावीस वर्षं फिरत्या पात्याच्या यंत्रावर दगड कापला. त्यांनी कार्ड हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब नेलं, परत जवळ आणलं.

"ही लेकरांची चित्रं आहेत का?"

"नाही बखीतकाका, मोठ्यांसाठीच आहेत. दुखणं कितपत आहे ते दाखवा."

"देवाची कृपा आहे."

"ती आहेच. पण दुखतं किती?"

आबांनी दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हा. तिसरा आमच्या मेव्हण्यासारखा दिसतो, तो नको."

डॉक्टर नुहा हसल्या आणि त्यांनी फाईलीत 'दोन' लिहून टाकलं. गेल्या वेळीही दोनच. त्याच्या आधीही दोन.

मी आबांच्या मागे उभी होते. खालच्या दारापासून दुसऱ्या मजल्यावरच्या या खोलीपर्यंत यायला त्यांना चाळीस मिनिटं लागली होती, हे मी पाहिलं होतं. दर चार पायऱ्यांनी ते थांबायचे आणि चपलेचा पट्टा नीट करायचे. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं. जानेवारीतल्या बाप्तिस्म्याच्या सणापासून ते आडवे झाले नव्हते. गाद्यांच्या चळतीवर कपाळ टेकून बसत, आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून गळ्यातल्या शालीचं टोक चावत. त्या टोकाची चाळण झाली होती.

"डॉक्टरीणबाई, हे खोटं बोलतायत," मी म्हणाले. "या गोळीनं काही होत नाही. गोळी बदला."

"इन्साफ, गप," आबा म्हणाले. "पाठदुखी आहे, बाळंतपण नाही."

मी डॉक्टर नुहांना बाहेर व्हरांड्यात चला म्हणाले. तिथं माझा आवाज चढला. मी म्हणाले, तुम्हाला दिसत नाही का? माणूस बसलाय कसा ते बघा. तुमच्या घरचा असता तर चेहरे दाखवत बसला असतात का? वयानं त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं बोलून? आता माझं ऐका. यापुढचं औषध म्हणजे मॉर्फिन. त्याची चिठ्ठी वेगळी असते, वर दोन सह्या लागतात. दुसरी सही करणारे साहेब पेशंटला बघत नाहीत, फाईल बघतात. फाईलीत काय आहे? दोन, दोन, दोन. ते मला विचारणार, दोनला मॉर्फिन का?"

"मग तुम्ही दहा लिहा ना!"

"ते सांगतील तर लिहीन. ते का सांगत नाहीत, माहीत आहे तुम्हाला? पहिल्या दिवशी याच दारात तुम्ही मला अडवलं होतंत. शपथ घातलीत की आजाराचं नाव काढायचं नाही. नाव काढलं तर ते तिथेच मरतील, म्हणालात. मी नाही काढलं. आता पाठीला सूज आलेल्या माणसाला मी मॉर्फिन देते असं कोणत्या तोंडानं सांगू? तो विचारणार नाही का, बाई, सुजेला एवढं कशाला?"



आमच्याकडे त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. 'तो वाईट' म्हणायचं आणि छातीवर क्रूस काढायचा. सगळ्या गल्लीला माहीत असतं. वाणी, चर्चमधले पाद्री म्हणजे आमचे अबूना, शेजारची बाई आणि तिची सून, सगळ्यांना. फक्त ज्याचं हाड तो आजार खातोय त्याला सांगायचं नाही. याला आम्ही माया म्हणतो. मीही आठ महिने म्हटलं. आबांना सांगितलं, मणक्याला सूज आहे, वय झालं, उतरेल. आणि त्या मायेनं माझ्या बापाचं काय केलं ते मला त्या व्हरांड्यात उभं राहिल्यावर दिसलं.

आबा ज्या माणसांत वाढले त्यांत पाठ दुखते हे सांगण्याची लाज वाटते. खाणीतल्या त्यांच्या सोबतीच्या अय्यादची चार बोटं पात्यात गेली, तर तो ती बोटं चहाच्या रिकाम्या डब्यात घालून स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत चालत गेला होता. अशा माणसांसमोर पाठीसाठी कोण रडणार? शिवाय ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता. आजाऱ्याला उपास सोडायला अबूनांची परवानगी असते. पण आबा म्हणाले, पाठदुखीसाठी कुणी उपास मोडतं का? म्हणजे दुपारी तीनपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही, मग गोळी कुठून जाणार? दिवसभराच्या चार गोळ्या ते तीन वाजल्यापासून झोपेपर्यंत कोंबत होते. सकाळ सगळी कोरडी. आपल्याला काय झालंय हे माहीत असतं तर त्यांनी उपास सोडला असता, बोट शेवटच्या चेहऱ्यावर ठेवलं असतं. मीच ठेवू दिलं नाही.

मी आत गेले. बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

"आबा, पाठीला सूज नाही. कॅन्सर आहे. हाडात गेलाय. आठ महिने झाले."

आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते डॉक्टर नुहांकडे वळले. "ही खरं बोलते?"

"हो, काका."

त्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं, मांडीवर ठेवलं, आणि त्याची घडी मोडून परत घातली.

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"हो."

"अय्यादला?"

"हो."

"अबूनांना?"

"हो, आबा."

"म्हणजे मला सोडून." मग डॉक्टरांना म्हणाले, "बाई, मला वाटलं बखीत बायकी झाला. खाणीतला प्रत्येक जण कंबर धरूनच काम करतो, आणि हा एकटाच शाल चावत बसतो. मला माझीच लाज वाटायची हो. आरशात तोंड बघत नव्हतो."

मग त्यांनी टेबलावरचं कार्ड स्वतः ओढलं आणि शेवटच्या चेहऱ्यावर बोट दाबलं. "हा. पण हा निदान रडतोय तरी. मला तेही करता येत नव्हतं."

डॉक्टर नुहांनी जुना आकडा खोडला. आबा बोलतच राहिले, जणू कुणी बांध फोडला असावा. "आणि ही तुमची गोळी. ही तर आम्ही खाणीत चहाबरोबर खायचो. मुकादमच वाटायचा, पोरं पळती राहावीत म्हणून."

पेन थांबलं. "किती वर्षं?"

"दहा-बारा."

"काका! हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाठीचं विचारलंत. खाणीचं कुठे विचारलंत?"

हे ऐकून त्या मुकादमाला शोधून काढावं आणि चारचौघांत जोड्यानं मारावं असं मला वाटलं. ज्या गोळीच्या जोरावर त्यानं माझ्या बापाकडून दुप्पट दगड कापून घेतला, ती बापाला खरी गरज पडली तेव्हा पाण्यासारखी झाली होती. अंगाला सवय पडली होती. डॉक्टरीणबाईंनी हे आबांना सोप्या शब्दांत समजावलं. नवीन गोळी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, घड्याळ बघून, दुखो वा न दुखो. पोट घट्ट होईल, त्याचं वेगळं औषध. सुरुवातीला झोप येईल, तोल जाईल. माणूस नशेबाज होतो असं लोक सांगतील, त्यांना माझ्याकडे पाठवा.

"यानं मी बरा होईन?"

"नाही, काका. दुखणं कमी होईल."

"किती दिवस आहेत?"

"नक्की सांगता येत नाही. महिने. फार नाहीत."

आबांनी मान हलवली. एखाद्यानं दगडाचा दर सांगावा आणि तो पटावा, तशी.

"आता कुणी कुणाला काही सांगू नका," ते म्हणाले. "मी सांगेन."

 घरी पोचल्यावर आईला म्हणाले, "अंडी तळ. तुपात." उपासाच्या मध्यावर अंडी म्हटल्यावर आईला कळलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांच्या हाडात शिरले होते. पण अंडी तळली. संध्याकाळी सहाला आबांनी पहिली गोळी घेतली आणि दोन तासांनी ते उताणे झोपले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी दारात उभी राहून त्यांचं पोट वरखाली होताना बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी खाणीतली माणसं ओट्यावर येऊन बसली. अय्यादनं नेहमीसारखं विचारलं, "कसं काय, बखीत? पाठ काय म्हणते?"

"पाठीला काही झालेलं नाही. कॅन्सर आहे," आबा मोठ्यानं म्हणाले. "माझ्याआधी तुला कळलं होतं, आणि माझ्याबरोबर बसून तू पाठीला चोळायची तेलं सांगत होतास. चहा घे."

अय्यादनं पेला खाली ठेवला.  चहा कुणीच प्यायलं नाही.

त्यानंतर आबा नऊ आठवडे जगले. मात्रा दोनदा वाढवावी लागली. दोन्ही वेळा आकडा त्यांनी स्वतः सांगितला, न लाजता. दुखलं की ओरडायचे, गल्लीला ऐकू जाईल एवढं. शेजारची बाई म्हणाली, बिचाऱ्याला धीर राहिला नाही. मी तिला म्हणाले, तुमचं दार लावून घ्या.

पण औषध ते आईच्या हातून घ्यायचे. मी पाणी घेऊन गेले तर पेला बाजूला ठेवायचे आणि वाट बघायचे. आईनंही गप्प राहून त्या आठ महिन्यांत माझ्याएवढंच पाप केलं होतं. तिला माफी होती. मला नव्हती.

शेवटच्या आठवड्यात एकदा त्यांनी मला हाक मारली. मी उशाशी बसले.

"डॉक्टरसमोर मला सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द सरळ होते. "त्याबद्दल राग नाही. पण आठ महिने मी रोज देवाची कृपा म्हणत होतो. देवाशी भांडायचं होतं मला, इन्साफ. दगड फोडून फोडून अंगात जोर होता तेव्हा भांडलो असतो. आता आवाज निघत नाही. ते आठ महिने तू मला कुठून आणून देणार?"

क्षमा मागायला मी तोंड उघडलं, पण क्षमा मागून ते महिने येणार नव्हते, आणि आबांना फुकटचं बोलणं कधी आवडलं नाही.

सहा वाजायला आले होते. मी उठले आणि आईला हाक मारली, औषधाची वेळ झाली म्हणून.