शेवटचा परिच्छेद

“झाड असं ओढू नकोस. खालून हात घाल,” दादा म्हणाला आणि स्वतःच गुडघे टेकून मातीत बसला.

हॉस्पिटलच्या फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना त्याने झाडं लावली होती. पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर बसायला सावली हवी, म्हणून मॅनेजरबाईंनी हे काम दादाच्या नर्सरीला दिलं होतं. पाणी वेळेवर होतं, खत होतं, दादा येता-जाता डोळ्यांत तेल घालून बघत होता, आणि झाडं काही वाढायचं मनावर घेत नव्हती. आज त्याने धाकट्या बहिणीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

त्याने खुरप्याने माती मोकळी केली आणि एक झाड अलगद वर उचललं. मुळांच्या आधी कुंडीच दिसली. तपकिरी, गुळगुळीत, लावली तशीच शाबूत. आत मुळांना वाटच सापडली नव्हती. एकमेकांभोवती फिरून फिरून त्यांचा सुतळीच्या गुंड्यासारखा गोळा झाला होता.

“ही विरघळायला हवी होती ना गं? तूच लिहिलं होतंस,” दादा म्हणाला. आवाजात तक्रार नावालाही नव्हती. “माझ्याच मातीत काहीतरी खोट असणार. म्हटलं, आमच्या शास्त्रीणबाईंना दाखवावी.”

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. तिला दुसरं झाड उपटून बघायची गरज नव्हती.

ती विज्ञानावर लिहून पोट भरायची. रसायनं, एन्झाइम, बॅक्टेरिया, पर्यावरण, ज्या मासिकाला जे हवं ते. नोकरी अशी कुठेच नव्हती. प्रयोगशाळेतली होती ती लिहिण्यापायी सोडली होती. नातेवाईक विचारायचे, “सध्या काय करतेस?” ती म्हणायची, “लिहिते.” त्यावर ते म्हणायचे, “ते झालं गं, पण काम काय करतेस?” एकटा दादा तसं कधी म्हणाला नाही. तिचा शब्द न् शब्द तो वाचायचा. गुलाबाचं रोप न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून कपडे धुण्याच्या पावडरीतल्या एन्झाइमबद्दल सांगायचा, आणि वर म्हणायचा, “हे आमच्या धाकटीनं लिहिलंय.” गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं. तिला या सगळ्याची लाज वाटायची आणि ते हवंही असायचं.

कुंड्यांचा लेख तिने कारखान्यात जाऊन, सगळं बघून लिहिला होता. मक्याच्या स्टार्चपासून बनवलेलं प्लास्टिक, दिसायलाही देखणं. तिथल्या केमिस्टला तिने सरळ विचारलंही होतं, “साध्या बागेत हे कुजेल?” माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, “कंपोस्टच्या मोठ्या प्लांटमध्ये कुजेल, तिथे साठेक अंशांची उष्णता असते. बागेतल्या मातीत कुंडी घातलीत तर वर्षानुवर्षं तशीच राहील.”

ते तिने लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं.

या धंद्याची ही रीतच आहे. वर गोड लिहायचं. ‘झाड वाढेल, कुंडी माती होईल’ अशी सुरुवात केली की वाचणारा थांबतो. अटी, पण-परंतु सगळं तळाला. आणि छापताना जागा कमी पडली की संपादक कात्री लावतो तीही तळापासूनच. इतकी वर्षं लिहिणाऱ्या बाईला हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नव्हती.

अंक हातात आल्यावर तिने आधी शेवट बघितला. परिच्छेद गेला होता. तिने संपादकांना फोन केला.

“अहो, ऐनवेळी जाहिरात आली, म्हणून शेवटून कापलं,” ते म्हणाले. “पण लेख लोकांना फार आवडलाय हं. पुढचा कधी देताय?”

दुरुस्ती छापा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, “देते पुढच्या आठवड्यात.” कौतुक आयतं चालून आलं होतं, त्याला नाट कशाला लावा. शिवाय एवढं वाचून लगेच कोण कुंड्या आणायला धावतंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली. धावला तो तिचा सख्खा भाऊ. आणि तिला एका शब्दाने न सांगता, कारण झाडं डेरेदार झाली की तो तिला हात धरून इथे आणणार होता.

“दादा, तुझ्या मातीत काही खोट नाही,” ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. केमिस्ट, परिच्छेद, जाहिरात, फोन. फोनशी येऊन तिची जीभ अडखळली, पण तेही सांगितलं. दादा कुंडीवरची माती अंगठ्याने पुसत ऐकत होता.

“म्हणजे तुला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“मग ते वरच का नाही लिहिलंस?”

“वर लिहिलं असतं तर पुढे कुणी वाचलं नसतं.”

“मी वाचलं असतं,” दादा म्हणाला.

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. लहानपणी तिने काही मोडलं-फोडलं की तो आधी ओरडायचा आणि मग ते चिकटवून द्यायचा. आज त्याने नुसती पिशवीतून कात्री काढली, कुंडी उभी कापली आणि मुळं बोटांनी सोडवायला घेतली. तीही शेजारी बसली. एका झाडाची मुळं सुटली, दुसऱ्याची हातातच तुटली.

मॅनेजरबाई डोक्यावर फाइल धरून उन्हातून आल्या.

“काय निघालं मग?”

दादा उठून उभा राहिला. “चूक माझी आहे, बाई. कुंडी काढून लावायला हवं होतं. जगतील तेवढी वाचवतो, बाकीची नवी लावून देतो.”

“म्हणजे पुन्हा पहिल्यापासून? लोक उन्हात बसलेत हो इथं.” त्या वैतागल्या होत्या, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. “आणि तुम्ही तर म्हणाला होतात, तुमच्या बहिणीनं या कुंड्यांवर लिहिलंय, डोळे झाकून घ्या. ह्याच का त्या लिहिणाऱ्या?”

दादाने तिच्याकडे बघितलं नाही.

“छे, ही नव्हे. ही धाकटी, मदतीला आलीय,” तो म्हणाला. “लिहिणारी वेगळी.”

आयुष्यात खोटं बोलायची वेळ आली तर कान लाल होणारा माणूस. त्याचे कान आत्ताही लाल झाले होते, पण बाईंना ते उन्हाने वाटले असतील. मीच ती, एवढंच तिला म्हणायचं होतं. त्याला तिला पाठीशी घालायचं होतं की स्वतःच्या आयुष्यातून त्या लिहिणारीला काढून टाकायचं होतं, ते तिला कळेना, आणि विचारायचा हक्क तिला उरला नव्हता. बाई “बघा लवकर काय ते” म्हणून आत गेल्या.

दादा पुन्हा खाली बसला. मोकळं केलेलं झाड त्याने खड्ड्यात उभं केलं.

“सरळ धर जरा,” तो म्हणाला.

झाड इतकं बुटकं होतं, की ते धरायला तिला पार वाकावं लागलं. दादा दोन्ही हातांनी माती लोटत राहिला.