एल्ब नदीवरची बिनइंजिनाची होडी

मालोजीरावांनी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात, म्हणजे म्हैसूरकरांच्या तोंडच्या ‘नीरावरी’त काढली होती. त्यातली बावीस तर एच. डी. कोटे तालुक्याच्या कालव्यांवर. पाण्याबद्दल त्यांना काही शिकवायची कोणाची टाप नव्हती. म्हणूनच त्या तीन कागदांनी त्यांची झोप उडवली.

कागद खरं म्हणजे भागीरथीबाईंचे होते. ‘तू राहतोस ते गाव आहे तरी कसं रे?’ असं त्यांनी लेकाला विचारलं, तेव्हा सुधींद्रनं पूर्व जर्मनीतल्या आपल्या गावाची माहिती गावाच्या नगरपालिकेच्याच पानावरून उचलून मराठीत करून पाठवली. बाईंनी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणली, वाचली आणि डायनिंग टेबलावर ठेवून दिली. विसरून नव्हे, मुद्दामच.

बापलेकांत आठ महिने बोलणं नव्हतं. सुधींद्र मोटारींच्या मोठ्या कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून त्या वाइडेनवेर्डर नावाच्या गावात होडीवाला झाला होता. पगारी, नगरपालिकेचा, पण होडीवालाच. “आपले पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते आणि तू लोकांना नदी पार करून देणार? धड नोकरी धरशील तेव्हाच फोन कर,” असं मालोजीराव म्हणाले आणि पोरानं ते अक्षरशः पाळलं. रविवारी आईला फोन यायचा. तेव्हा मालोजीराव पेपर उघडून शेजारी बसत आणि एकही ओळ न वाचता सगळं ऐकत. म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या शेजाऱ्यांना मात्र ते सांगत, “मुलगा तिकडं नगरपालिकेत आहे.” खोटं नव्हतंच ते.

कागद त्यांनी पहिल्यांदा उभ्याउभ्या वाचले, मग बसून, मग हातात पेन्सिल घेऊन. लोकसंख्या सातशे त्रेचाळीस. एवढ्यांची नगरपालिका? आपल्या गल्लीतच याहून जास्त माणसं निघतील! आग विझवायला पगारी माणूस नाही, गावकरीच टोप्या घालून धावतात. बेकरीच्या जुन्या धुराड्यावर करकोच्यांचं घरटं आणि दरवर्षी पिल्लं किती झाली त्याची यादी, युद्धाच्या वर्षांसकट. चर्चच्या भिंतीवर प्रत्येक पुराची खूण. या खुणा मात्र मालोजीरावांना मनापासून पटल्या. पाण्याची नोंद ठेवणाऱ्या माणसांबद्दल त्यांना आदर होता.

आणि मग ते वाक्य. गावाची होडी तीन मोटारी घेऊन एल्ब नदी पार करते, तिला इंजिन नाही, वल्हं नाही, कोणी ओढतही नाही, नदीच्या प्रवाहावरच ती अलीकडून पलीकडे जाते.

“शुद्ध थाप!” मालोजीराव म्हणाले. “पाणी खाली नेतं, आडवं कसं नेईल?”

“मग विचारा की त्याला,” भागीरथीबाई म्हणाल्या. “सुम्मने, उगाच डोकं कशाला शिणवता?”

विचारायचं नव्हतं. पण चैनही पडेना. पुढच्या कागदावर एवढंच होतं, की वरच्या अंगाला नदीच्या तळाशी नांगर टाकलाय आणि त्याला लांब दोराने होडी बांधलीय. पलीकडच्या काठावर एक घंटा आहे, प्रवाशाने ती वाजवावी. ‘घंटा’ या शब्दाखाली मालोजीरावांनी पेन्सिलीची रेघ मारली. एकट्या माणसासाठी रिकामी होडी येते की काय?

बुधवारी सकाळी त्यांनी गाडी काढली. भागीरथीबाईंच्या शिवणयंत्राचा लांबुळका ड्रॉवर, कपडे वाळत घालायची दोरी आणि डब्यात दहीभात. बाई शेजारी बसल्या. ड्रॉवर कशाला लागतो ते त्यांना न विचारताच कळलं होतं.

कोट्याच्या अलीकडे, त्यांच्याच हाताखाली बांधलेल्या एका पोटकालव्यावर छोटा पूल होता. पूल ओलांडून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मालोजीराव पलीकडून पाण्यात उतरले; बाई अलीकडच्या काठावर थांबल्या. दोरीचं एक टोक पुलाच्या कठड्याला मधोमध, दुसरं ड्रॉवरच्या मुठीला. आत दोन दगड. सोडला. ड्रॉवर सरळ खाली गेला आणि दोरी ताणून, दावणीच्या वासरासारखा मध्येच थबकला. तीनदा सोडला, तीनदा तेच.

“बघ, थापच आहे,” ते म्हणाले; पण आवाजात आनंद नव्हता. थाप ठरली तर पोरगा थापाड्या ठरत होता आणि ते त्यांना नको होतं.

भागीरथीबाईंनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला.

“आई? आज बुधवार. सगळं बरं आहे ना?”

“बरंच आहे. तुझे अप्पा कालव्यात उभे आहेत.”

“अप्पा? पाण्यात? का?”

मालोजीराव बायकोकडे रागानं बघत राहिले. फोन बंद कर म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“ती तुझी होडी आडवी जाते कशी रे?”

तिकडून सुधींद्रनं हळूच विचारलं, “दोरी कुठं बांधली, अप्पा?”

“नाकाला. अजून कुठं बांधतात?”

“एकीनं भागत नाही. दोन लागतात, एक पुढं, एक मागं. तुम्हाला न्यायचंय त्या काठाकडं नाक करा. पुढची आखूड धरा, मागची सोडा जरा सैल. ती तिरकी उभी राहिली ना, की पाणी तिला बाजूला ढकलतं. आम्हाला फक्त कोन सांभाळायचा.”

ड्रॉवरच्या मागच्या फळीला एक जुनं भोक होतं. मालोजीरावांनी दोरीचा उरलेला तुकडा त्यातून ओवला आणि जरा सैल ठेवून पहिल्या दोरीला जोडला. गाठ दोनदा सुटली. सोडला. ड्रॉवर घुटमळला, तिरका झाला आणि कालवा कापत, कोणी हात न लावता, भागीरथीबाईंच्या पायाशी जाऊन काठाला टेकला.

“गेला!” मालोजीराव ओरडले. “गेला रे, सुधी! आडवा गेला!”

आठ महिन्यांत त्यांनी ते नाव उच्चारलं नव्हतं. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. पाण्याला हे जमतं आणि आपल्याला एकतीस वर्षांत ठाऊक नव्हतं, याचं मालोजीरावांना मनापासून आश्चर्य वाटत होतं, आणि पोराला ते ठाऊक आहे याचा अभिमानही वाटत होता.

“सुधी, ती घंटा,” ते म्हणाले. “पलीकडच्या काठावरची. वाजली की तुला जायला लागतं?”

“लागतं. नियमच आहे.”

“एकच माणूस असला तरी?”

“एक असला तरी.”

“कोणी पण वाजवली तरी?”

“कोणी पण, अप्पा.”

मालोजीराव गुडघाभर पाण्यात तसेच उभे होते. समोरच्या काठाला ड्रॉवर हलके हलके आपटत होता.

“मग मी येऊन वाजवली तर?”

“वाजवून बघा,” सुधींद्र म्हणाला.