सेट झालीस का?

मी 'सेट' बोलतोय. आवाज चढला तर चढू दे. इतकी वर्षं तुमच्या तोंडी राहून गप्प बसलो, ते पुरे झालं.

जन्माने मी इंग्रजी. तिकडेही विश्रांती नव्हतीच. सूर्य मावळला की मी, टेबल मांडलं की मी, मोडलेलं हाड जागेवर बसवलं की मी. तुमच्याकडे आलो तेव्हा वाटलं, पाहुणा म्हणून जरा टेकायला मिळेल. कसलं काय. कपबशांचा सेट, गळ्यातल्या-कानातल्याचा सेट, गजर सेट, पार्लरमध्ये केस सेट. कुणाचं कुणाशी गुपचूप जमवायचं असलं की तिथेही मीच, 'इंग'चं शेपूट लावून 'सेटिंग'. राबवून घेतलंत, त्याचं काही नाही. कामाला मी भीत नाही.

माझं डोकं फिरलं ते या घरात.

इथे नवी सून आली. लग्नाआधी ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये होती. तिथे मला मान होता. साच्यात प्लास्टर ओतून ती म्हणायची, सेट होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि मालकसुद्धा हात मागे घ्यायचे. लग्नानंतर इथल्याही एका लॅबने तिला बोलावलं. सासूबाई म्हणाल्या, "आधी घरात सेट हो, मग बघू." लॅबच्या बाई थांबायला तयार झाल्या.

मग माझी वरात निघाली. फोनवर मावशी, जिन्यात शेजारीण, जेवायला आलेले काका, सगळ्यांचं एकच, "काय, झालीस का सेट?" उत्तरासाठी कुणी थांबत नसे, काका तर विचारता विचारताच पाण्याचा रिकामा पेला पुढे करत. ती हसून मान हलवायची आणि पेला भरून आणायची. कुठला डबा कुठे, सासऱ्यांना चहा कितपत गोड, दिरांना कुठली उशी लागते, सगळं तिच्या हातात बसलं.

लॅबच्या बाईंचा पुन्हा फोन आला. आता सांग, नाहीतर दुसरी मुलगी घेते. तिने जेवताना विषय काढला.

"अगं, आता तर किती छान सेट झालीस," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "सगळं सुरळीत चाललंय, कशाला विस्कटायचं?" नवऱ्याने आमटी नीट ढवळली.

ऐकलंत? सेट नव्हती म्हणून जायचं नाही, सेट झाली म्हणूनही जायचं नाही. दाराला आतून कडी मी, बाहेरून कुलूपही मीच. शब्दकोशात माझ्या नावावर रकानेच्या रकाने आहेत, पण हा अर्थ त्यात नाही. हा तुम्ही लादलात, तोही गोड आवाजात.

तिने हात धुतले आणि सगळ्यांसमोर फोन लावला. "मॅडम, सोमवारपासून येते." मग सासूबाईंकडे वळून शांतपणे म्हणाली, "आई, विस्कटेल थोडं. मिळून आवरू."

नवऱ्याने उठून स्वतःचं ताट उचललं आणि ते ठेवायचं कुठे हे न कळून तो ओट्यापाशी उभा राहिला.

ती कामाला जाते. सासूबाई अजून घुश्शात आहेत, आणि या घरात हल्ली माझं नाव निघत नाही. बरंच झालं. एवढंच सांगतो, माझ्या आडून कुणाच्या मुलीला घरात बसवू नका. बसवायचंच असेल तर सरळ "जाऊ नकोस" म्हणा. निदान तिला "का" असं विचारता तरी येईल.