बडग्यासमोरचं मागणं

दीपमाला मॅडमचा तब्येतीचा तास शनिवारी शेवटचा असे आणि अकरावीची पोरं त्याला आनंदानं बसत, कारण त्या विषयाची परीक्षा नव्हती. नागपूरच्या इतवारीतल्या त्या ज्युनिअर कॉलेजात मॅडम एरवी जीवशास्त्र शिकवत. पोरांनी वेळेवर जेवावं, पुरेसं झोपावं, घाम निघेल असं काहीतरी खेळावं आणि मनात काही खुपत असलं तर कुणाला तरी सांगावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण ते त्या भिंतीवर चित्रं दाखवून सांगायला जात आणि तिथंच घोडं पेंड खाई. झोपेचं महत्त्व सांगताना मागचं अख्खं बाक गाढ झोपलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. रागावणार तरी कशा, पोरं शिकवल्याप्रमाणंच वागत होती.

पोळा जवळ आला तसा मॅडमनी प्रोजेक्टर कपाटात टाकला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यासोबत बांबू, कागद आणि जुन्या कपड्यांचे केलेले बडगे. ‘ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत,’ असं ओरडत लोक ते पुतळे वाजतगाजत नेतात आणि जाळतात. आजी-आजोबांनी आपला खोकला मारबतीला दिला, तर नातवंडांनी आपल्या मनातली भानगड का देऊ नये, असं मॅडमच्या डोक्यात आलं.

“आपणही बडग्या करू,” त्या वर्गात म्हणाल्या. “पण त्याले खोकला नाही द्यायचा. जे कोणाले दिसत नाही अन् तुम्हाले त्रास देते, ते द्यायचं.”

मग काय, पोट्ट्यांना उधाण आलं. कुणी बांबू आणला, कुणी वडिलांचा जुना शर्ट. चिन्मयीनं त्याच्या डोक्याला काळी लोकर लावून असा काही भांग पाडला, की बडग्या थेट प्राचार्यांसारखा दिसायला लागला. मॅडमनी तो भांग मोडायला लावला खरा, पण हसू त्यांनाही आवरेना.

शनिवारी प्रत्येकानं बडग्यासमोर येऊन आपलं मागणं मागायचं ठरलं. समोर बडग्या असला तरी घोषणा मारबतीचीच. ती बदलायची कुणाची छाती? हर्षित पुढे झाला. “रात्रभर रील्स पाहायची खोड घेऊन जा गे मारबत.” सगळे हसले, कारण खोड सगळ्यांचीच होती. चिन्मयी आली आणि जरा अडखळली. “आरशात पाहून मी रोज स्वतःले शिव्या देते, त्या घेऊन जा गे मारबत.” या वेळी कुणी हसलं नाही आणि मॅडमना ती पोरं फार आवडली.

मग ऋषी आला. कापड दुकानवाल्या भैयाजींचा मुलगा, वर्गात पहिला, सगळ्यांना वह्या देणारा, कुणाला कधी उलट न बोलणारा. तो बडग्याकडे पाहून गोड हसला.

“ऋषीले घेऊन जा गे मारबत.”

वर्गात हशा पिकला, टाळ्या पडल्या. मॅडमही हसल्या. हसता हसता त्यांचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे गेलं. ते डोळे हसत नव्हते.

बाकीच्यांना त्यांनी समोसे खायला पिटाळलं आणि ऋषीला प्रयोगशाळेत नेऊन समोर बसवलं.

“मघाशी म्हणाला, ते गमतीनं?”

“हाव मॅडम. गंमतच.”

“मग मले काहून हसू नाही येऊन राहिलं?”

जिवाबद्दल सरळ विचारल्यानं पोराच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, हे मॅडम एका प्रशिक्षणात शिकल्या होत्या. तिथं ते सोपं वाटलं होतं. आता तसं वाटत नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, “जीव द्यायचे विचार येतात का गा तुले?”

ऋषी टेबलाची कड नखानं खरवडत राहिला. “काही करायचं असं नाही ठरवलं. पण सकाळी वाटते, जाग नसती आली तर बरं झालं असतं. झोप नाही लागत. जेवण गळ्याखाली नाही उतरत. बाबा एकेका गिऱ्हाइकाले सांगतात, माझा पोरगा डॉक्टर होऊन राहिला. मी काहीच होऊन नाही राहिलो, मॅडम.”

मॅडमना त्याला लहान मुलासारखं जवळ घ्यावंसं वाटलं. “तू सांगितलं, खूप चांगलं केलं,” त्या म्हणाल्या. “पण हे मी माझ्यापाशी नाही ठेवणार. तुझ्या बाबांले सांगीन. आजच डॉक्टरांकडे जाऊ, मीही येते.”

“बाबांले नका सांगू ना.”

“सांगावंच लागते, बापा. तू माझ्यावर चिडला तरी चालते. तू आम्हाले पाहिजे.”

त्यांनी भैयाजींना फोन लावला आणि ते येईपर्यंत ऋषीला व्हरांड्यातल्या बाकावर हर्षित आणि चिन्मयीच्या मधे बसवलं. याला एकटं सोडू नका, एवढंच त्या दोघांना सांगितलं. चिन्मयीनं काही न विचारता आपला अर्धा समोसा त्याच्या हातात दिला.

दुपट्ट्यानं घाम पुसत भैयाजी प्रयोगशाळेत आले, ऐकून घेतलं आणि उसळलेच. “त्याले काय कमी आहे, मॅडम? वेगळी खोली दिली, एसी लावला. टेन्शन तर सगळ्याच पोट्ट्यांले असते.”

“भैयाजी, तुमच्या पोराले जगावंसं नाही वाटून राहिलं.”

भैयाजी मटकन स्टुलावर बसले. “मले नाही बोलला कधी. कसा आहे विचारलं, का मस्त म्हणते.”

“मग मस्त ऐकून उठायचं नाही. तिथंच थांबायचं. सल्ला नाही द्यायचा, समजावायचं नाही. तो बोलीन ते ऐकायचं.”

“मले गिऱ्हाइकासंग बोलता येते, मॅडम,” भैयाजींचा आवाज चिरकला. “पोरासंग कसं बोलतात?”

इतक्या वर्षांत तब्येतीच्या तासाला पांढऱ्या केसांचा विद्यार्थी पहिल्यांदाच आला होता. मॅडमनी त्याला पाणी दिलं आणि सारं पुन्हा पहिल्यापासून, सावकाश समजावलं.

भैयाजी बाहेर आले तशी दोघं मुलं उठली. ते ऋषीशेजारी बसले. “कसा आहे गा?”

“मस्त.”

भैयाजी उठले नाहीत. बापाचं हे बसून राहणं ऋषीला नवीन होतं. त्यानं दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

“मस्त नाही, बाबा,” तो म्हणाला, आणि मग अडखळत, मधेच हुंदका गिळत सगळं सांगत गेला. ऐकताना भैयाजींचं तोंड कितीदा तरी उघडलं आणि मिटलं. डोळ्यांतलं पाणी मात्र त्यांना अडवता आलं नाही.

“मी काय करू, सांग,” ते शेवटी म्हणाले. “क्लास बंद करू? डॉक्टरकीचं नाव सोडू? तू म्हणशीन ते करतो.”

ऋषीनं आपलं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. “आत्ता काही करू नका, बाबा. असेच बसा.”

भैयाजी बसून राहिले.