सभेत दिलेला शब्द

"माही खुर्ची जजसाहेबाच्या बाजूले नोको टाकू," रूपरावभाऊ माझ्या कानाशी कुरकुरले. "मांगं टाक. मले मांगूनही आयकू येते."

मी बाजूलाच टाकली. मागे गाय बांधलेली होती.

जजसाहेब म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, बाबाराव. आधी पाच वर्षं आमदार होते, तेव्हा आमच्या रोहण्यात एका सकाळी सोळा घरचा चहा प्यायचे. पुढची निवडणूक हरले, पुन्हा वकिली धरली, आणि हायकोर्टात जज झाले. मग गावच्या लग्नात यायचे, पण पाण्याशिवाय काही घ्यायचे नाहीत. कोणाची केस कोणत्या ताटातून येईल, सांगता येत नाही म्हणायचे. पंगतीत त्यांची जागा रिकामी राहायची, तिचं मला फार वाईट वाटायचं.

आता निवृत्त होऊन घरी आले. त्यांनाच तंटामुक्ती समितीचं अध्यक्ष करायचं, म्हणून आमच्या अंगणात बैठक. ज्या गावात तंटा नको, तिथे अध्यक्षही एकमतानेच हवा. म्हणजे रूपरावभाऊंचा हात वर जायला हवा.

ते भासऱ्यांचे लहानपणचे दोस्त. प्रचारात सायकलवर भोंगा बांधून फिरलेले. आमदार असताना भासऱ्यांनी सभेत सांगितलं होतं, नाक्याजवळच्या सरकारी जागेचे पट्टे मिळतील, जागा तुमच्या नावावर होईल, बिनघोर बांधा. त्या शब्दावर तेवीस घरं उभी राहिली. रूपरावभाऊंचं सगळ्यात पक्कं. वीस वर्षांनी घरं हटवायची नोटीस आली, गाव कोर्टात गेलं, आणि फाईल नेमकी भासऱ्यांपुढे. ओळखीचे लोक आहेत म्हणून त्यांनी ती दुसऱ्या जजकडे पाठवली. घरं पडली. बाबारावनं केस आयकली असती तर वाचलो असतो, असं तेव्हापासून गाव आपसात बोलतं. त्यांच्यासमोर विषय निघाला की पाऊसपाणी काढतं.

हात वर झाले. रूपरावभाऊंचा गुडघ्यावरच. कोणी त्यांच्याकडे बघेना. मी चहा फिरवायला घेतला, दुसरं काय करणार? भासऱ्यांनी कप घेतला, तेवढं बरं वाटलं.

"साहेब," रूपरावभाऊ म्हणाले, मग थांबले. "बाबाराव, मले एक सांग. मंग मी हात उचलतो. तू आयकली असती, तं माहं घर राह्यलं असतं का नाई?"

"चहा थंडा होऊन राह्यला भाऊ," मागून कोणीतरी म्हणालं.

भासऱ्यांनी कप खाली ठेवला. जज झाल्यापासून ते आमच्याशीही पुस्तकातल्यासारखे बोलायचे. आज तसे बोलले नाहीत.

"नाई राह्यलं असतं, रूप्या. मी फाईल पूर्ण वाचली होती. पट्ट्याचा एक कागद नव्हता तिच्यात. सभेत बोललो, टाळ्या घेतल्या, अन् मुंबईले गेलो. तुमच्या पट्ट्याचा अर्ज मी कधी देल्लाच नाई."